आतून लावलेलं कुलूप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो. मध्येच कुणी फिदीफिदी केलं, तर मी सरळ झोपायला जाईन. ही माझ्या मावसबहिणीची, आमच्या ताईची, गोष्ट. तिच्याच तोंडून ऐकली, आणि ती मीठमसाला लावणारी नाही.

मार्चची अठरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी ताई कोपऱ्यावर बल्ब आणायला गेली. परत येते तर नवरा दाराला नवं कुलूप बसवतोय, दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारं. जन्मभर किल्ल्या बनवणारा माणूस तो. मोठा गमत्या. रात्री उशिरा आला की दारातून हाक मारायचा, "उघडा सरकार, चोर आलाय."

पण वर्षभरात पार बदलला होता. गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून जायचा. किल्ल्या घासायची कानस सापडली नाही की ताईवर आळ. लोक म्हणायचे, साठी बुद्धी नाठी. ताईने डॉक्टरचं नाव काढलं, तर चार दिवस अबोला.

"कुलूप कशाला हो?"

"तू माणसं घरात घेतेस."

ताईला फार लागलं ते. त्याने आतून कुलूप लावलं, किल्ली लपवली, आणि झोपेपर्यंत कुठे लपवली तेच विसरला.

रात्री दोनच्या सुमारास टकटक झाली.

"उघडा सरकार... चोर आलाय."

तोच आवाज. तेच दाबलेलं हसू.

आणि नवरा शेजारी घोरत होता.

ताई दाराशी गेली. घाबरली होती, पण खोटं कशाला सांगू, तिला दार उघडायचं होतं. डबे उपसले. उशा चाचपल्या. किल्ली नाही.

"थांबा हो... जाऊ नका..."

"उघड ना गं. वर्ष झालं, इथेच उभा आहे."

मग बाहेर कानस चालू झाली. खर्र... खर्र...

मागे नवरा येऊन उभा. डोळे लाल.

"कोण आहे?"

ताईने दारावरचा हात काढला नाही.

"उघडलंस तर याद राख."

कानस थांबली. पावलं... लांब गेली. ताई दाराला टेकून रडत बसली.

सकाळी किल्ली पिठाच्या डब्यात मिळाली. दार उघडलं. उंबऱ्याबाहेर पितळेचा कीस सांडलेला, आणि कुलपात बाहेरून एक नवी किल्ली. किल्लीच्या डोक्यावर तीन बारीक खाचा, नवरा आपल्या प्रत्येक किल्लीवर करायचा ती खूण. पण त्याचा हात तर कधीचा थरथरत होता, असं बारीक काम आता त्याला जमत नव्हतं. ताईने फिरवून पाहिली. बरोबर चालत होती. रात्री बाहेरून नुसती फिरवायची राहिली होती.

नवऱ्याने ती हातात घेतली. खाचांवरून अंगठा फिरवला.

"कुणाचं काम आहे गं हे?" तो म्हणाला. "हात चांगला आहे."