देवखडकातला उजेड

मुलांनो, आधी एक कोडं. जुन्या काळचा कॅमेरा विटेएवढा जाड असायचा. मग त्याच्या पोटातला आरसा काढला आणि तो वहीएवढा बारीक झाला. पण जंगलात फोटो काढायला जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात बघा. कॅमेरा बारीक, आणि पुढे लोंबणारं भिंग अजूनही चांगलं तांब्याएवढं. अंग रोडावलं, मग भिंगच का नाही रोडावलं?

उत्तर घाईने देऊ नका. देवखडकाच्या बोगद्यात दोन शहाण्या माणसांनी घाईने उत्तरं दिली आणि त्यापायी अर्धा दिवस वाया घालवला. त्या दिवशी अर्धा दिवस म्हणजे फार होता.

देवखडक हा काळ्या दगडाचा डोंगर. त्याच्या पोटातून नव्या वेगवान रेल्वेचा बोगदा चालला होता. शाल्मलीची केतकीआत्या तिथे यंत्रमानव सांभाळायची, आणि दिवाळीची सुट्टी लागली म्हणून शाल्मली आजोबांबरोबर तिच्याकडे आली होती. आजोबांनी, म्हणजे डॉक्टर दिनकर टिळेकरांनी, सारी हयात भिंगं घडवण्यात घालवली होती. उपग्रहांची, दुर्बिणींची, मागाल ती. आत्या त्यांचीच लेक. हट्टीपणात कोण कुणाच्या वरचढ ते सांगणं अवघड.

त्या आठवड्यात खोदताना बोगद्याच्या भिंतीला भोक पडलं आणि पलीकडे पोकळी निघाली. डॉक्टर लोक पोट तपासायला वापरतात तसली बारीक नळी आत्याने आत सारली. नळीच्या टोकाला दिवा होता, कॅमेरा होता, आणि त्याचा पडदा शाल्मलीच्या हातात होता. भोक सरळ नव्हतं, दोनदा वळत गेलेलं. दुसऱ्या वळणापलीकडे पडद्यावर अर्धा चेहरा उमटला. भिंतीवर रंगवलेली एक मुलगी. शाल्मलीच्याच वयाची, कानात मोठं गोल कर्णफूल, नजर कुठेतरी बाजूला. शाल्मली बघतच राहिली. आणि बघता बघता त्या मुलीच्या कपाळावरचा रंगाचा पापुद्रा सुटला आणि खाली गेला.

"दिवा बंद कर, केतके," आजोबा म्हणाले. "लगेच."

ते एक जुनं लेणं होतं. कधीतरी दरड कोसळून त्याचं तोंड बुजलं असणार. हजार-दीड हजार वर्षं आतली हवा हललीसुद्धा नव्हती. आता बाहेरची हवा आत गेली, दिव्याची ऊब लागली, भिंतीतली ओल सुकू लागली. ओल सुकली की दगडातलं मीठ वर येऊन फुगतं आणि रंगाला ढकलून देतं. दिवा विझवल्यावर हे सगळं मंदावलं, पण थांबलं नाही.

बोगद्याच्या मुख्य अभियंता सरनोबतबाई आल्या. त्यांनी पडदा पाहिला आणि मग मान वर करून छत न्याहाळलं.

"वरचा दगड तडकलाय," त्या म्हणाल्या. "माझी माणसं त्याच्याखाली काम करतात, काका. उद्या संध्याकाळी ही पोकळी सिमेंटने भरावी लागणार. मला हौस नाही त्याची. तोवर तुम्हाला जे करता येईल ते करा, मी मध्ये येणार नाही."

त्यांचंही खरंच होतं. शाल्मलीला रडू आलं ते त्यामुळेच. कुणावर रागवावं तर रागवायला माणूस नाही. भिंतीवरची ती मुलगी एवढी वर्षं अंधारात बसली आणि आता कुणीही धड न बघता जाणार. एक नीट फोटो, एवढंच तिच्यासाठी करण्यासारखं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेकीची जुंपली.

आत जाणार होती चिचुंद्री. हा आत्याने बनवलेला यंत्रमानव, लांबोळका, आठ पायांचा, कुठल्याही फटीत शिरणारा आणि माणसासारखा बोलणारा. तिच्या पाठीवर कॅमेरा कोणता लावायचा, हा वाद.

"माझा तपासणीचा कॅमेरा," आत्या म्हणाली. "भिंग बोराएवढं. मूर्ती लहान पण कीर्ती महान. बाबा, आरशाचे दिवस गेले आता."

"आरसा गेला म्हणून भौतिकशास्त्र गेलं का?" आजोबांनी आपली पेटी उघडून चकलीच्या सोऱ्याएवढं भिंग बाहेर काढलं. "आत दिवा लावायचा नाही. भोकातून झिरपेल तेवढाच उजेड. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आजोबा, पण आरसा होताच कशाला?" शाल्मलीने विचारलं.

आजोबांना कुणी विचारलं की त्यांचा राग निम्मा उतरतो. त्यांनी तिला जवळ बसवलं.

"भिंगातून आलेला उजेड डोळ्यापर्यंत पोचवायला. आधी भिंग, त्याच्या मागे तिरका आरसा, आरशामागे संवेदक (ज्याच्यावर उजेड पडला की त्याची वीज होते ती पातळ चकती). आरसा उजेड वर वळवायचा, म्हणून माणसाला आधी चित्र दिसायचं. बटण दाबलं की आरसा पटकन वर उचलला जायचा आणि उजेड संवेदकावर पडायचा. आता आरशाला हलायला जागा नको का? म्हणून कॅमेरा जाड. पुढे संवेदकच सतत बघायला लागला आणि बघितलेलं पडद्यावर दाखवायला लागला. आरसा निकामी झाला. तो काढला, भिंग संवेदकाच्या जवळ सरकलं, कॅमेरा बारीक झाला."

"आणि भिंग?"

"भिंगाचं काम उजेड गोळा करायचं. त्याचं तोंड केवढं, तेवढा उजेड. त्या कामात आरशाचा संबंध कधी नव्हताच. मग आरसा काढून भिंग कसं लहान होईल?"

आत्याने काही ऐकून घेतलं नाही, पण शाल्मली त्या उत्तरापाशी थबकली. आपल्या कोड्याचं निम्मं उत्तर तिला मिळालं होतं.

मग चाचणी झाली. कामगारांच्या पत्र्याच्या खोलीत खिडक्या झाकून, दाराला बोटभर फट ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. आत्याच्या कॅमेऱ्यात नुसती राखाडी खरखर आली, गणपती आहे की भोपळा ते कळेना. आजोबांच्या सोऱ्याने तारखासुद्धा टिपल्या. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. मग सोऱ्या चिचुंद्रीच्या पाठीवर बांधला, तर तो भोकाच्या पहिल्या वळणालाच अडकला. मागे ओढताना कडेचा दगड निखळला आणि आत कुठेतरी काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला.

तोवर दुपार झाली होती.

शाल्मली उठून बोगद्याच्या तोंडाशी गेली. तिथे छतातून पाणी ठिबकत होतं. खाली कुणीतरी परात ठेवली होती आणि शेजारी एक पेला विसरला होता. परात भरून वाहत होती. पेल्याच्या वाट्याला अधूनमधून एखादा थेंब यायचा, पण तोही काठोकाठ आला होता. सकाळपासून तिथेच होता ना. ती बघत राहिली आणि मग धावतच परत आली.

"आजोबा, लहान तोंडाचं भिंग घेतलं आणि खूप वेळ उघडं ठेवलं तर?"

आजोबांनी हातातला सोऱ्या खाली ठेवला.

"पक्ष्याचा फोटो असता तर नसतं चाललं," ती घाईघाईने म्हणाली. "तो उडून गेला असता, त्याला क्षणात टिपायला मोठंच भिंग हवं. पण ती भिंतीवर आहे. ती थांबेल."

"केतके," आजोबा हळू म्हणाले, "आपण दोघं सकाळपासून कॅमेरा केवढा यावर भांडतोय. फोटो कुणाचा काढायचाय, हे एकानेही विचारलं नाही."

मग दोघांनी मिळून तिची कल्पना पुरी केली. भिंग आत्याच्या मनासारखं, लहान तोंडाचं आणि अनारशाएवढं पातळ. त्यामागचा संवेदक आजोबांच्या मनासारखा, मोठा. कारण मोठ्या संवेदकावरचे उजेडाचे कप्पे मोठे असतात, खूप वेळ उजेड साठवला तरी उतू जात नाहीत. आत्याच्या चिमुकल्या संवेदकाचे कप्पे तेवढ्या वेळात भरून वाहिले असते. आरसा नसल्यामुळे हे सगळं मिळूनही एका पुस्तकाच्या जाडीचं झालं आणि भोकातून गेलं. उजेड आत घेण्याचा वेळ ठरला पाऊण तास.

"पण तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलता कामा नये," आजोबा म्हणाले. "हलला की सगळं पुसट."

"माझे पंखे हलतात," चिचुंद्री भोकातून म्हणाली. तिचा आवाज नेहमी अदबीचा असे. "मोटारीही थरथरतात. कॅमेरा तेवढा चालू ठेवून मी स्वतःला बंद करते. मग मला दोरीने ओढून घ्या."

आत्याने मान हलवली आणि मग भोकातल्या चिचुंद्रीला ते दिसत नाही हे आठवून "बरं" म्हणाली.

खोदकामाचा धक्काही चालणार नव्हता. शाल्मली स्वतः सरनोबतबाईंकडे गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं, वरच्या तड्याकडे पाहिलं आणि भोंगा वाजवला. त्या तड्याखालून माणसं लांब आणली. यंत्रं एकेक करून थांबली. चालण्याचाही हादरा नको म्हणून सगळे कामगार होते तिथेच खाली बसले, कुणी शिरस्त्राण मांडीवर घेऊन, कुणी भिंतीला टेकून. एवढ्या मोठ्या बोगद्यात फक्त पाणी ठिबकत होतं. शाल्मली आजोबांना चिकटून बसली आणि आत काय चाललं असेल ते मनात बघू लागली. उजेडाचा एकेक कण वळणं घेत आत जातोय, भिंतीवर पडतोय, तिथून उडून त्या बारीक भिंगात शिरतोय.

अर्धा वेळ गेला असेल नसेल, आतून आवाज आला. कोरडा, हलका. पापुद्रा पडल्याचा, पण या वेळी मोठा.

शाल्मली उठणार एवढ्यात आजोबांचा हात तिच्या खांद्यावर आला. ती बसून राहिली. पुढचा सगळा वेळ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही.

वेळ संपल्यावर चिचुंद्रीला ओढून बाहेर काढलं आणि फोटो पडद्यावर आला.

मुलगी तिथे होती. पूर्ण चेहरा, दोन्ही कर्णफुलं, ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं हसू. कपाळावर पांढरा डाग, पहिला पापुद्रा गेला तिथला. आणि गालाशी उचललेला तिचा हात. पण तो हात बाकीच्या चित्रासारखा नव्हता. तो विरळ होता, पाण्यात दिसावा तसा, त्याच्यातून मागची उघडी भिंत दिसत होती.

"हा असा का आलाय?" सरनोबतबाईंनी विचारलं. "कॅमेरा हलला?"

आजोबा उत्तर द्यायला वळले आणि थांबले. त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं.

"नाही हलला," शाल्मली म्हणाली. तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "मधे तो आवाज आला ना, तेव्हा हात पडला. आधीचा निम्मा वेळ हाताचा उजेड साठला, नंतरचा निम्मा वेळ मागच्या भिंतीचा. दोन्ही एकावर एक आलेत. पडताना तो दिसलाच नाही, कारण पडायला क्षणच लागला, आणि क्षणभराच्या उजेडाला ह्या कॅमेऱ्यात किंमत नाही. फोटोत एक क्षण नाहीये, बाई. सगळा पाऊण तास आहे."

"हाताचा उजेड वेगळा काढून गडद करता येईल," आत्या म्हणाली. "अजून वर्ष-दोन वर्षांत तसं गणित करणारं यंत्र मीच बनवीन. आणि पुढचं लेणं सापडेल तेव्हा चिचुंद्री पहिल्या दिवसापासून तयार असेल."

"कर," आजोबा म्हणाले. "भिंग मी देतो. तू सांगशील तेवढं लहान."

बाहेर सिमेंटची गाडी वळत होती. कामगार एकेक करून पडद्यापाशी येत होते, बघत होते आणि कामाला जात होते. शाल्मली पडदा दोन्ही हातांनी धरून उभी होती. अर्धा चेहरा तिने काल पाहिला होता. पण हा हात काल नळीत आला नव्हता. एवढ्या शतकांत जिवंत माणसाच्या डोळ्यांनी तो पाहिला नव्हता, आणि आता तो भिंतीवर नव्हताही. पडण्याआधी जेवढा उजेड त्याच्यावरून निघाला, तेवढा मात्र त्या बारीकशा तोंडातून इकडे पोचला होता.