मधल्या सीटचं बकल

सिंगापुरातल्या अख्ख्या हौगांगमध्ये भुताला न भिणारा माणूस एकच. मी. दिवसा. रात्री बायको, आमची सुरेखा, सोबत असली तरच. सहावी नापास माणसानं याहून शूर कशाला व्हायचं?

परवा अंधार पडल्यावर ब्लॉकखालच्या बाकावर शेजारची वल्लरी नि तिचा भाऊ वरुण मला चिकटले. भुताचीच गोष्ट हवी. म्हटलं, ऐका. पुंगोलच्या प्रबोधची. आपल्याच मंडळातला, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. तो सांगणार नाही.

नारळी पौर्णिमेची रात्र. इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना, त्याचीही तीच पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबोधच्या धाकट्या लेकीचं, अश्लेषाचं, नोव्हेनाच्या इस्पितळात ऑपरेशन. हृदयाचं. आणि पोरीची खुर्ची गाडीत जिथे अडकवायची, त्या मधल्या सीटच्या पट्ट्याचं बकल तुटलेलं.

"टॅक्सी घ्यायची ना," वरुण म्हणाला.

"पोर आपल्या खुर्चीशिवाय हलत नव्हती. शिवाय बाप तुझ्यासारखा हुशार नव्हता रे, इंजिनियर होता."

पूर्वी आम्ही स्क्रॅपयार्डात पाना घेऊन सरळ आत घुसायचो. गाड्यांच्या ढिगावर चढायचं, हवं ते आपल्या हातानं खोलायचं. मालक कॉफी पाजायचा आणि सांगायचा, ही गाडी कुणाची, तो माणूस कसा गेला. वाईट गेला असेल तर त्या गाडीला आम्ही हात लावत नसू. आता फोटो पाठवा, पार्ट घरपोच. कुणाची गाडी, कोण विचारतो?

पण घरपोच यायला दोन दिवस. म्हणून प्रबोध स्वतः गेला. रखवालदार गेटाशी पितरांसाठी कागदी नोटा जाळत बसलेला. त्यानं नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात एक पांढरी गाडी. प्रबोधनं बकल खोललं. निघताना, आपल्याला सवय असते ना, गाडीच्या दाराला हात लावून म्हणाला, "येतो हं."

मागच्या सीटवरून आवाज आला...

"येतो."

"डोन्ट ब्लफ ला, आजोबा! थापा नकोत," वरुण म्हणाला.

"मग तूच सांग पुढचं."

वरुण वल्लरीकडे सरकला.

प्रबोधला वाटलं, आपलाच आवाज घुमला. आपल्या गाडीत येऊन बकल पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी सुरू केली. टिंग. टिंग. मागे कुणी पट्टा न लावता बसलं की वाजतं, ते. आरशात पाहिलं. मागे कुणी नाही.

टिंग.

वळवली गाडी परत यार्डाकडे. रखवालदार नव्हता. राख होती. बकल गेटाशी ठेवलं. आता एकच करायचं. 'जातो' म्हणायचं. तोडून टाकायचं. पण पोरीचं ऑपरेशन सकाळी... अशा रात्री तो शब्द कसा काढायचा तोंडातून? ओठ उघडले.

निघालं काय?

"येतो..."

घरापर्यंत गाडी गप्प. एकदाही टिंग नाही. प्रबोधला बरं वाटलं. त्याला सुचलं नाही... पट्टा लावला की ते बंद होतं.

सकाळी खुर्ची ठेवायला मागचं दार उघडलं. मधल्या सीटला बकल. तेच. गंजकं. बसवलेलं. पट्टा त्यात घट्ट अडकलेला... जसा कुणाच्या पोटावरून ताणलेला.

"आणि अश्लेषा?" वल्लरीनं हळूच विचारलं.

"टॅक्सीनं गेली, खुर्चीसाठी रडत. ठणठणीत आहे, तुझ्याहून जास्त भांडते. पण त्या गाडीत मधे कुणी बसत नाही. ते बकल अजून उघडलेलं नाही."

दोघं एकमेकांना चिकटली होती. मला आतून हसू फुटत होतं. गुडघे धरून उठलो. लिफ्टकडचा दिवा नेमका गेलेला.

"चला पोरांनो, येतो मी."

वल्लरीनं माझा सदरा मागून घट्ट धरला.

"नाही आजोबा. आज 'जातो' म्हणा."