सावरीची गादी

डॉक्टरांनी पहिल्यांदा माझी छाती तपासली, तेव्हा ती माझी नव्हतीच, शामलाआत्याची होती.

झालं असं. साल एकोणीसशे चौतीस. महाल पेठेत खाली आमचं गाद्यांचं दुकान आणि वर आम्ही तिघं — मी, बाबा आणि बाबांची विधवा बहीण, ही आत्या. आई मी लहान असतानाच गेली. मला दर हिवाळ्यात खोकला यायचा, धाप लागायची, आणि गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं की गणपतरावांच्या गोपिकेला क्षय आहे. उमरेडच्या स्थळाला मी पसंत होते, पण ही बातमी तिथवर पोचली. त्यांचा निरोप आला, आधी डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, मग साखरपुडा. आमचे नेहमीचे म्हातारे डॉक्टर नेमके गावाला गेलेले. त्यांच्या जागी नुकताच पास झालेला एक उंच, सडपातळ तरुण आला. डॉक्टर वसंत.

लग्नाच्या मुलीला परक्या पुरुषानं हात लावायचा नाही, म्हणून मध्ये पडदा. ते बाहेर खुर्चीवर, आम्ही आत. त्यांनी नळीचं टोक पडद्याखालून सरकवायचं आणि मी ते छातीवर धरायचं, असं ठरलं. आत्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि खुशाल आपल्या पोलक्यावर धरलं. वर मला डोळ्यांनी दटावलं. पण खोकला काही कोणाचं ऐकत नाही. मला जोराची उबळ आली.

बाहेरून आवाज आला… हसू दाबलेला.

"नळी ज्यांच्यापाशी आहे त्यांची तब्येत एकदम बढिया आहे. आता ज्या खोकून राहिल्या, त्यांच्याकडे द्या."

आत्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी नळी धरली. श्वास घ्या, म्हणाले… आता सोडा… सावकाश. इतक्या मऊपणानं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. दोन वर्षं माझं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि माझ्याशी बोलणारी माणसं दाराशीच उभी राहायची. मी श्वास सोडला आणि उगाचच डोळे भरून आले.

संध्याकाळी ताप येतो का, वजन घटलं का, कफात रक्त दिसलं का, असं त्यांनी खूप विचारलं. सगळ्याला मी नाही म्हटलं. तीन सकाळी कफाच्या तीन बाटल्या नेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चौथ्या दिवशी जिना चढून आले आणि बाबांना म्हणाले, "क्षयाचा एकही जंतू नाही. श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते. हा दमा आहे, आणि तो कोणाले लागत नाही."

माझ्या वेगळ्या ताटातली अर्धी भाकर बाबांनी उचलली आणि खाल्ली. मी तेव्हाच त्या डॉक्टरवर भाळले, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

मग त्यांनी माझं अंथरूण पाहायला मागितलं. बाबांनी अभिमानानं दाखवलं. कुठल्याही गिऱ्हाइकाला दिली नव्हती अशी सावरीच्या कापसाची गादी त्यांनी आईवेगळ्या लेकीसाठी स्वतःच्या हातानं भरली होती, आणि दर दिवाळीला नव्यानं भरत होते. उशाशी आत्याची ओव्याची धुरी. डॉक्टरांनी गादीवर हलकेच थाप मारली, उन्हात बारीक धूळ तरंगली. ते एवढंच म्हणाले की आठ दिवस नुसत्या सतरंजीवर झोपवून पाहा, अन् धुरी बंद करा. बाबांचा चेहरा उतरला. मला त्यांची फार दया आली. पण आठ दिवसांत मी कितीतरी महिन्यांनी आडवी होऊन झोपले.

दर मंगळवारी डॉक्टर येत. पडदा असेच. एका दुपारी खाली पिंजारी कापूस पिंजत होता, धूळ वर आली आणि माझा श्वासच अडकला. डॉक्टर नेमके जिन्यातच होते. त्यांनी पडदा ओढून बाजूला केला, मला पुढे वाकवून बसवलं, दंडात सुई दिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून माझ्याबरोबर श्वास घेत राहिले… जरा वेळानं धाप उतरली, हात मात्र तिथंच होता. आत्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पडदा धुवायला गेला तो परत लागलाच नाही.

बाबांचं म्हणणं होतं, चिठ्ठीवर 'क्षय नाही' एवढंच लिहा, दम्याचं राहू द्या. दोन मंगळवार गेले, चिठ्ठी आली नाही. शेवटी मीच विचारलं, "चिठ्ठी काहून देऊन नाही राहिले?"

ते म्हणाले, "दमा लपवला तर तुमच्यावर अन्याय होते. दमा लिहिला तर स्थळ मोडते. अन् ते मोडावं असं मले… मनापासून वाटते. म्हणून माझाच माझ्यावर भरोसा नाही राहिला."

मी त्यांच्याकडून कागद घेतला आणि उमरेडला स्वतःच लिहिलं: मला क्षय नाही, दमा आहे, धुळीनं धाप लागते, चालत असेल तर या. ते आले नाहीत. बाबांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी आत्यानं त्यांना गाठलं आणि दार लावून काय ते बोलली.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले, औषधांची बॅग न घेता, नवी टोपी घालून. बाबांशी लग्नाचं बोलणं झालं होतं. मी चहा ठेवला. ते कपाकडे बघून म्हणाले, "माझी खोली इतवारीत, तिसऱ्या माळ्यावर आहे. एक्केचाळीस पायऱ्या."

"मले मधात दोनदा थांबा लागन," मी म्हटलं.

"थांबू ना. मले कुठं घाई आहे?"

घाई मला होती… आणि तसं मी त्यांना सांगूनही टाकलं.