मागे राहणाऱ्यांची शर्यत

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, मनोर मागे पडल्यावर विक्रमगडच्या रस्त्याला जो पहिला चढ लागतो, त्या चढाच्या मध्यावर दोन सायकली उभ्या होत्या. आणि दोघांपैकी एकही स्वार पुढे जायला तयार नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.

"नको, तुमी व्हा," ती म्हणाली. "मी हाय मागं."

बोईसरहून पहाटे निघालेली बाकीची मंडळी केव्हाच वळणाआड गेली होती. बेत तीन दिवसांचा होता. पहिला मुक्काम जव्हारला, दुसरा सूर्यमाळला, तिसऱ्या दिवशी परत. उन्नती पहिल्यांदाच अशा सहलीला आली होती. ती किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मच्छीमाराच्या घरातली. बोईसरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. डोंगरात चालवायची ही जाड चाकांची सायकल तिच्या भावाची, दर्पणची. तो जहाजावर नोकरीला गेला आणि सायकल तिच्याकडे आली. रोज किनाऱ्याकडून बोईसरपर्यंत ती सायकलनेच जायची. पण तो रस्ता ताटासारखा सपाट. चढ म्हणजे तिला फक्त रेल्वेवरचा पूल ठाऊक होता.

आता ती धापा टाकत उभी होती, आणि तिच्या मागून आलेला हा उंच, सावळा मुलगा आपल्या साखळीकडे निरखून बघत होता.

"दमलात?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं. क्षणभर काहीतरी वेगळं बोलणार होता, मग हसला. "थोडासा."

"पहिल्यांदाच आलाय का तुमी?"

"तसं… म्हणजे…"

"लाजू नका. माझी पन पहिलीच येळ हाय." तिने पिशवीतून नाचणीचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "खा. आईनं दिलेत. दमलेल्या मानसाला बरं असतंय."

त्याने लाडू खाल्ला. नाव सांगितलं, दिग्विजय. आईवडील मूळचे गेवराईकडचे, तो वाढला कुंभवलीत, तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला. बोलताना त्याला जरासुद्धा धाप लागत नव्हती, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. तिचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होतं. हसण्याआधीच ते हसायचे.

"चला," ती म्हणाली. "तुमी पुढं."

"तुम्ही पुढे. खरंच."

"आवो, आमच्यात एका बोटीचं इंजिन बंद पडलं ना, तर दुसरी बोट तिला टाकून बंदरात येत नाय. बाबांनी शिकवलंय. तुमाला मागं ठेवून मी गेले तर मला झोप नाय लागायची."

शेवटी दोघं शेजारी शेजारी निघाले. दिवसभर असंच चाललं. ती थांबली की त्याच्या सायकलीला काहीतरी व्हायचं. कधी सीट हलायची, कधी बुटाची नाडी सुटायची. तो थांबला की ती लाडू काढायची. विक्रमगडच्या पुढे रस्त्याकडेला मोगऱ्याचे मळे लागले. तिथे ती म्हणाली, "वास घ्या जरा. दम परत येल." त्याने सायकल उभी करून, डोळे मिटून खरोखर वास घेतला. मोगऱ्याला तेव्हा एकही फूल नव्हतं. तिला हे नंतर कळलं.

जव्हारच्या घाटात तर तिने त्याला गाणं म्हणून दाखवलं, चढ कळू नये म्हणून. गाणं अर्ध्यावर आणि श्वास त्याच्याही आधी संपला. त्याने हसू दाबत पुढचं कडवं पुरं केलं. चुकीच्या सुरात.

जव्हारला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. धर्मशाळेच्या पायरीवर राजनंदिनी मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, या गटाच्या प्रमुख.

"दिग्विजय! अरे, तुला मागे ठेवला तो सगळ्यांना वेळेवर आणायला. शेवटच्या माणसाला सोबत करायची म्हणजे त्याच्याबरोबर सहल काढायची नव्हे!"

उन्नतीने त्याच्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. "म्हंजे? हे… दमले नव्हते?"

"हा?" मॅडम हसल्या. "बोईसर ते सापुतारा एका दिवसात गेलाय हा. सगळ्यात मागे राहायचं, कुणी मागे पडलं तर सांभाळून आणायचं, हे काम आम्ही कायम यालाच देतो."

अंधारातही उन्नतीचा चेहरा तापलेला कळत होता. "मी दिवसभर तुमाला लाडू भरवत होते!"

"सहा खाल्ले," तो खाली बघत म्हणाला. "तक्रार काहीच नाही."

"नाडी रोज सुटते का अशी?"

"मागच्या माणसाला आपल्यामुळे कुणी थांबलंय असं वाटलं की तो घाबरून जोरात पेडल मारतो, आणि मग पडतो. म्हणून मीच काहीतरी बिघडवून घेतो. तुम्हाला फसवायचं नव्हतं…"

"पन फसवलंत." ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कुणाच्याच सोबतीशिवाय निघाली. मोखाड्याकडे धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक तेवढं दिसत होतं. तोंडातून वाफ निघत होती. आपली स्वतःची वाफ तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली आणि राग विसरून दोनदा मुद्दाम फुंकर मारून बघितली. मग मोखाड्यानंतर डांबरी सोडून जंगलातली कच्ची वाट लागली. उतार, दगड, दवाने निसरडं झालेलं गवत. आणि तिची बोटं… बोटं ऐकेनात. ब्रेक दाबायचा म्हटलं तरी हात लाकडासारखे. समुद्राकाठी वाढलेल्या मुलीकडे हातमोजे होते ते उन्हाचे, पातळ. तिने कशीबशी सायकल झुडपात घातली आणि उतरली.

मागून चाकांचा आवाज आला. थांबला.

"आज काय बिघडलं सायकलीचं?" तिने न वळता विचारलं.

"काहीच नाही. आज तुमच्यासाठी थांबलोय. सरळ सांगतो."

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं. थंडीचं, असं ती म्हणाली असती. त्याने तिचे हात पाहिले आणि तिचीही सायकल धरून चालत उतरायला सुरुवात केली. थोडं खाली, वाट जिथे पाड्याला लागते तिथे, एक बाई चुलीवर कोनफळाचे कंद उकडत बसली होती. पारूबाई. दिग्विजयने दोन गरम कोनफळं घेतली आणि उन्नतीच्या एकेका मुठीत एकेक ठेवलं. तिची बोटं वळत नव्हती, म्हणून त्याने आपले तळवे बाहेरून धरले. हलकेच. जणू कोनफळालाच लागेल.

पारूबाई बराच वेळ बघत होती. "कंद खायाला घेतलाव का धरून बसायाला?"

"आधी धरतो. मग खातो," दिग्विजय म्हणाला.

"घ्या धरून. आमच्या म्हाताऱ्यानं तर कदी हातसुदा नाय धरला. चुलीपाशी बस म्हनायचा."

उन्नतीला हसू आलं, आणि हसता हसता कालचा राग कुठे सांडला ते कळलंच नाही. बोटांत मुंग्या आल्या, मग ऊब. निघताना दिग्विजयने पारूबाईकडून रद्दीचा पेपर मागून घेतला, उन्नतीला जर्किनच्या आत छातीशी ठेवायला लावला. वारा अडतो म्हणाला. अडला. ती हळूहळू उतरू लागली, आणि सबंध उतारभर तिला मागच्या चाकांचा आवाज येत राहिला. एकदाही जवळ आला नाही, एकदाही दूर गेला नाही.

तिला आठवलं, आपल्या घरात वाट बघणं हे बायकांचं कामच. आई बोटीची वाट बघते, बर्फाची बघते, गिऱ्हाइकाची बघते. तीही लहानपणापासून बंदरावर उभी राहिली होती, बाबांसाठी, मग दर्पणसाठी. तिच्यासाठी कुणी थांबलेलं मात्र आठवेना. डोंगर, थंडी, ही अवघड वाट, सगळ्यांचेच आभार मानावेत असं तिला वाटलं. एवढी हळू चालवते म्हणून तर हे मिळालं.

संध्याकाळी सूर्यमाळला शेकोटीभोवती सगळे बसले. चहा हातात येईपर्यंत कोमट होत होता. मॅडमनी उद्याची कामं वाटली. "उद्या मागे मी राहणार. दिग्विजयला सुट्टी. आपल्याबरोबर ही त्याची शेवटचीच सहल असणार बहुतेक. गुजरातेत दहेजला चाललाय गडी."

उन्नतीच्या हातातला पेला तसाच राहिला.

"अजून ठरलं नाही," दिग्विजय म्हणाला. पण तो सगळ्यांशी बोलत नव्हता, तिच्याशी बोलत होता. "कंपनी नवीन प्लांट तिकडे नेतेय. सोमवारी हो की नाही सांगायचंय. बाबा म्हणतात जा. म्हणतात, मी गाव सोडलं म्हणून तू शिकलास. आता तू सोड, म्हणजे पुढची पोरं शिकतील."

"तुमाला काय वाटतं?"

"परवापर्यंत हो वाटत होतं."

तिने पेला खाली ठेवला. थांब म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण दोन दिवसांच्या ओळखीवर ती कुणाला थांब म्हणणार होती? आणि म्हटलं, आणि तो खरंच थांबला तर? उद्या पस्तावला तर? धरून ठेवलेला माणूस तिला नको होता. आणि गेलेलाही नको होता.

रविवारी सकाळी ऊन आलं ते दवावरून घसरत. परतीचा रस्ता बहुतेक उताराचा, म्हणून सगळे सुसाट निघाले. पहिल्या वळणावर उन्नतीने मागे पाहिलं. दिग्विजय होता. दुसऱ्या वळणावर होता. खोडाळ्याच्या अलीकडे मॅडम वाटेत थांबलेल्या दिसल्या, म्हणजे हे दोघं त्यांच्याही मागे पडले होते.

"अरे, आज शेवटची मी आहे!" मॅडम ओरडल्या. "माझ्या मागे कसे तुम्ही? मी घरी कधी जायचं?"

"तुम्ही व्हा पुढे, मॅडम," दिग्विजय म्हणाला. "आम्ही येतो."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पेडल मारलं. मग मान न वळवताच, "जेवायला तरी या!"

रस्ता रिकामा झाला. सागाची वाळकी पानं चाकांखाली चुरचुरत होती.

"आज तर काम नाय तुमच्याकडं," उन्नती म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मग काय… मागूनच चांगलं दिसतं."

"काय?"

"डोंगर," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मग त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. "तुमच्या मोज्यांना एवढी कुसळं कशी लागलीत? आपण तर रस्त्यानेच आलो."

तिने घाईने मोजा झटकला. कुसळं निघेनात. "सकाळी… जरा वर गेले होते. टेकडीवर."

"टेकडीवर? तुम्ही? चढून?"

"चहाच्या आधी. खाली रेंज नव्हती."

"एवढं काय बघायचं होतं?"

ती थांबली. एक पाय जमिनीला टेकवला. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर मनोरला माणसं भेटतील. "गाडी. दहेजजवळच्या भरूचवरनं सुटते, बोईसरला थांबते. शनिवारी कामावरनं सुटून बसलं तर रविवारी दुपारचं जेवण आमच्याकडं होतं. उतरायचं, आणि परत… म्हंजे मी जा म्हनत नाय. नको जाऊ पन नाय म्हनत. ते तुझं तू ठरव. मी आपलं बघून ठेवलं."

"आणि मी गेलोच नाही तर?"

"तर कुंभवलीवरनं दांडी काय लांब नाय."

त्याने सायकल झाडाला टेकवली. खाली बसला, आणि तिच्या मोज्यातली कुसळं एकेक करून काढू लागला. खूप वेळ लागला. कुणालाच घाई नव्हती.

"उन्नती," शेवटचं कुसळ काढताना तो म्हणाला, "दोन्हीकडून मी तुझ्याकडेच येणार आहे. आता फक्त कुठून ते ठरायचंय."

"मग ठरव," ती म्हणाली. तिने मोजा वर ओढला. "आनि… थांबलास ना, त्याबद्दल… बरं वाटलं रे मला. लई बरं वाटलं."

सोमवारी सकाळी अकराला दिग्विजय कारखान्याच्या ऑफिसात गेला. दुपारपर्यंत त्याचा फोन आला नाही. लॅबमध्ये उन्नतीने एका आजोबांचं रक्त घ्यायला त्यांचा तोच हात दोनदा मागितला. "बाय, एकदा घेतलंस की," ते म्हणाले.

पाचच्या सुमारास आईचा, शकूचा, फोन आला.

"अगो, कोन सायकलवाला पोरगा दारात आलाय. दिग्विजय म्हंतो. उंच हाय. तुझ्या बाबांच्या बाजूला जाळ्यावर बसलाय."

"काय म्हंतो?"

"मला काय नाय सांगत. कारखान्यात काय बोललो ते पहिलं उन्नतीला सांगनार, म्हंतो. तुझे बाबा इचारून थकले. मी चा ठेवलाय." मग आवाज खाली करून, "गो… कोन हाय तो?"

उन्नती काय म्हणाली ते लॅबमधल्या कुणी ऐकलं नाही. तिने एप्रन काढला, सायकल बाहेर घेतली. किनाऱ्याकडून वारा समोरून येत होता. सहा वाजायच्या आत ती दांडीच्या फाट्यावरून वळताना गावातल्या दोघातिघांनी पाहिली. ती जोरात पेडल मारत होती, आणि हसत होती.