रुपाच्या पायातली लाट

हेमकांत मास्तर म्हसावदच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आले तरी त्यांचं शिकवणं काही थांबायचं नाही. तापाचं निमित्त होऊन बायकोच्या, रुपाच्या, पायांतलं बळ गेलं. नसांवरचं आवरण झिजलंय, असं डॉक्टर म्हणाले. झालं, पठ्ठ्याने तिच्या खाटेशी बसून धडाच काढला. धडा म्हटला की अहिराणी बाजूला आणि पुस्तकी मराठी सुरू.

"नस म्हणजे नुसती तार नव्हे. तिच्यात बारीक दारं असतात. एक उघडलं की क्षार आत घुसतो, तेवढ्या जागची वीज उलटते. मग शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. अशी लाट मेंदूपर्यंत जाते. तुझं आवरण गेलंय, म्हणून ती वाटेतच विरते."

"म्हंजे मन्हा पायमा लोडशेडिंग शे," रुपा म्हणाली. हसता हसता तिला रडू फुटलं. "पाय भाजना तरी चाली, पन माले समजाले पाहिजे."

मास्तरांनी धडा तिथेच मिटला. ती पुन्हा उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

नंदुरबारच्या एका दवाखान्यात नसांची तपासणी ठरली. भर दुपार. कूलर घरघरत होता, तरी बाहेर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका आत यायचाच. तपासणी करणाऱ्या नमिराने रुपाच्या पावलाला तारा चिकटवल्या आणि घोट्यामागे झटका दिला. पडद्यावरची रेघ सपाट. झटका वाढवला. सपाटच.

"मशीन बिघडलं नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्यावर बघू, सर. झटका बसतो का सांगा."

रुपाच्या तारा तशाच ठेवून तिने झटका देणारा दांडा मास्तरांच्या मनगटाला टेकवला आणि बटण दाबलं.

मास्तरांना काहीच कळलं नाही. बोटंही हलली नाहीत.

पडद्यावर मात्र लाट उठली. उंच, स्वच्छ.

"मन्हा पायले कोनी चिमटा काढा?" रुपाने विचारलं.

नमिराने हात मागे घेतला. "सर, असं होत नाही."

"नही व्हस," मास्तर म्हणाले. "परत एकदाव दे, बेटा."

लाट परत उठली. मास्तरांनी नमिराला हात जोडले, मग त्या मशीनलाही.

त्यानंतर रुपा सुधारत गेली. मास्तरांना चहाचा कप गरम लागेनासा झाला. त्यांनी कप हातात घेतला की आतल्या खाटेवरून रुपा म्हणायची, पाय भाजी ऱ्हायना. मास्तर मनोमन आभार मानत आणि कप जास्त वेळ धरून ठेवत.

पुढे एका संध्याकाळी त्यांचा हात धरून ती अंगणात चालली. फाटकापर्यंत गेली, परत आली आणि मटकन ओट्यावर बसली. चेहरा नुसता उजळला होता.

"काटा भरना हो. केवढं दुखी ऱ्हायनं."

मास्तरांनी तिचं पाऊल मांडीवर घेतलं. तळवा चाचपला. नितळ होता.

फाटकापासून ओट्यापर्यंत रक्ताचे ठिपके आले होते.

त्यांनी स्वतःचा पाय उलटा केला. बाभळीचा काटा बुडापर्यंत रुतला होता.

"देवा, उपकार झाले तुझे," ते पुटपुटले. त्यांनी काट्याला हात घातला, मग काढून घेतला.

"निंघना का?" रुपाने विचारलं.

"नही. ऱ्हाऊ दे जरासा."

मास्तरांनी तो पाय जमिनीवर टेकवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर दिला. रुपा सुखाने कण्हली.