न वाकणारा जावई

सुताचा पिवळा गुंडा घरंगळत थेट काफुईच्या पायाशी आला. मागोमाग त्याचा धनी आला, पण वाकेचना. नुसता उभा राहिला... गुंड्याकडे बघत, कपाळावर घाम.

"उचलून द्यायला माणूस ठेवलाय वाटतं?" काफुईनं विचारलं.

"ठेवायचं म्हणतोय... तुम्ही मोकळ्या आहात का?"

काय बाई आगाऊ! पण तिला हसू आलंच. घानातल्या क्पेटो गावच्या दवाखान्यात ती विणकरांकडून पाठीचे व्यायाम करून घ्यायची. असलं उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं.

"कंबर धरलीय ना?"

"हळू बोला हो! ज्याची कंबर गेली त्याला केंटेचं कापड विणायचं काम कोण देईल? आणि मुलगी तरी कोण देईल?"

सेलासी त्याचं नाव. मग तो दवाखान्याच्या मागच्या दारानं येऊ लागला. चटईवर पडून गुडघे छातीशी घ्यायचे, मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर काढायची, हळूहळू खाली सोडायची.

"माझ्याकडे काय बघतोस? छताकडे बघ."

"छत कुठं एवढं देखणं आहे!"

दुखणं उतरत गेलं, प्रेम चढत गेलं. पण काफुईचे वडील, बुजुर्ग विणकर आग्बेन्येगा, यांनी मात्र डोक्यात राख घालून घेतली होती. एका मयतीला सेलासीनं मोठ्यांना मान द्यायच्या रीतीनं खांद्यावरचं वस्त्र उतरवलं, पण तो त्यांच्यापुढे वाकला नाही. "मोठ्यांपुढे ज्याची मान खाली जात नाही, त्याला माझी पोर मिळायची नाही!"

"खरं सांगून टाकू का?" काफुईनं विचारलं.

"तुला माझी शपथ आहे. दुखणेकरी जावई त्यांना चालेल?"

"आणि उद्धट चालेल? वेडा आहेस झालं!"

काफुईला शपथ मोडवेना. ती आतल्या आत जळत राहिली.

शेवटी सेलासीचे मामा त्याला आणि मद्याच्या बाटल्या घेऊन, रीतीप्रमाणे मागणीचं दार ठोठावायला आले. मुलीनं बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं. काफुई पडद्याआड आत्याचा हात घट्ट धरून उभी होती. गुडघे मोड रे बाबा... कंबरेतून नको...

सेलासीनं वस्त्र उतरवलं. घाबरलेला तो, तिनं शिकवलेलं सगळं विसरला आणि कंबरेतून झपकन वाकला.

आणि तसाच राहिला.

"पुरे, ऊठ," वडील म्हणाले. तो उठेना. कुणीतरी खुसखुसलं, "पिऊन आलाय की काय!"

काफुईला राहवलं नाही. पडदा सारून ती अंगणात धावली.

"काफुई! आत हो!"

"नाही होत. बाबा, त्याची कंबर धरलीय. मयतीच्या दिवशीही धरली होती!"

"काफुई, नको..." सेलासी कण्हला.

"तू गप. आडवा हो."

सगळ्या भाऊबंदांसमोर तिनं त्याला चटईवर निजवलं, गुडघे दुमडले, कंबरेखाली तळहात सरकवला. "हात दाब माझा... आता सोड."

"काका," तो आभाळाकडे बघत पुटपुटला, "मनात मान होता हो. पण लपवलं, ते चुकलं."

म्हातारा चटईशी येऊन टेकला. मग म्हणाला, "मागावर बसून कुणाची पाठ धड राहिलीय, लेका? मला उद्धटपणाचा राग होता, दुखण्याचा नव्हे. बहिणी, पोरीला विचार. ती म्हणेल तसं."

आत्यानं बाटली उचलली. "काफुई, घेऊ का गं? एकदा घेतली की होकार झाला, परत देता येत नाही. जन्मभर ही पाठ चोळत बसशील."

तळहातावर काफुईला त्याची कंबर दगडासारखी लागत होती. श्वासही रोखून धरला होता वेड्यानं.

"घे, आत्या."

"नीट विचार करून सांग."

"घे म्हणते ना! मला हाच हवाय."

तिच्या हातावर ती ताठरलेली कंबर एकदम सैल पडली, आणि सेलासी तिथंच, सगळ्यांदेखत, आडव्याचा आडवा रडू लागला.