शहाणी ठकू

ठकू रोज पाच तास उन्हात पडायची, अंडी खायची, वर टरफलांची पूडसुद्धा चाटूनपुसून संपवायची. तरीही तिची हाडं मऊ होत चालली होती. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून मी सगळ्यांवर चिडले होते.

ठकू म्हणजे टेगू. दक्षिण अमेरिकेतला, आपल्या घोरपडीसारखा दिसणारा काळापांढरा सरडा. कुणा हलकटानं तिला पिल्लू असताना मोज्यात कोंबून विमानातून आणलं आणि तो पकडला गेला. तिला परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून प्राणी-आश्रय केंद्रानं ती सांभाळायला आमच्याकडे अकोल्याला दिली. तेव्हा ती वीतभर होती. आता नाकापासून शेपटीपर्यंत तीन फूट आहे.

आमची अख्खी गॅलरी तिचं घर आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद. खणायला फूटभर माती, डुंबायला टब. एका टोकाला दिव्याखाली तापलेला दगड आणि दुसऱ्या टोकाला गार सावली, कारण टेगू शीतरक्ती असते (म्हणजे तिचं रक्त थंडगार नसतं, तर अंगातली ऊब तिला बाहेरून घ्यावी लागते). गारठली की ती दगडावर जाते, तापली की सावलीत. हे सगळं सांभाळतो आमचा यंत्रमानव. कंपनीनं त्याचं नाव ठेवलंय गृहमित्र. मी ठोंब्या म्हणते.

गॅलरीला काच आहे आणि ती काही साधीसुधी नाही. हल्ली दर उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पन्नाशीला टेकतो. उजेड आत सोडणारी, पण उष्णता बाहेरच अडवणारी ही काच माझ्या आबांनी शोधली. आबा म्हणजे आईचे वडील, काचशास्त्रज्ञ. आता अख्ख्या शहराला हीच काच आहे आणि आबांना तिचा भारी अभिमान.

आधी ठकूला अंघोळ घालणं म्हणजे युद्ध असायचं. ती फुगायची, फुसफुसायची, शेपटी सपकन हाणायची. गेल्या दिवाळीनंतर तिनं हे सगळं सोडलं. उचललं की गप्प. ठेवलं की गप्प.

"बघ, ठकू किती शहाणी झाली," आई मला ऐकवायची. "शीक काहीतरी तिच्याकडून."

घरातली तापट मुलगी मीच ना! पण मीही वर्गात मिरवलं, की ठकूला माझा लळा लागलाय म्हणून ती आता चिडत नाही. याचा राग मला अजून येतो.

फेब्रुवारीत तिचा पुढचा पाय थरथरायला लागला. केंद्राच्या डॉक्टर तडवी आल्या. त्यांनी एक्स-रे काढून मला दाखवला. हाडं फिकट, पुसट दिसत होती.

"ही शहाणी नाही झालेली, उल्का. अशक्त झालीय," त्या म्हणाल्या. "रागवायला लागणारी ताकदच उरली नाही हिच्यात. मी औषधाचे थेंब देते. पण तुमच्याकडे नेमकं काय चुकतंय ते सापडलं नाही, तर महिन्याभरानं मी हिला घेऊन जाणार. पाय एकदा वाकडा झाला तर सरळ होत नाही."

त्या गेल्यावर मी ठोंब्याला धारेवर धरलं.

"दगड?"

"चाळीस अंश."

"सावली?"

"सव्वीस अंश. हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्के. टरफलांची पूड रोज एक चमचा."

"आणि ऊन?"

"ऊन शंभर टक्के."

"मग ती मरायला का टेकलीय, ठोंब्या?" मी स्टूल लाथाडलं. पायाला लागलं, त्यामुळे आणखीच संताप आला.

आबा गच्चीवर ऊन खात बसले होते. माझा आवाज ऐकून ते धावत खाली आले. "काऊन वं पोरी, कायले ओरडून राहिली?"

"हे यंत्र खोटं बोलतंय!"

"यंत्र खोटं नाही बोलत. ते जे मोजायला सांगितलं तेच मोजते." आबा गॅलरीत शिरले आणि ठकूशेजारी उकिडवे बसले. ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. ते डोळे बारीक करून मला समजावत होते, शांत हो, चिडून काही होत नाही वगैरे. मी त्यांच्या डोळ्यांकडे रागानं बघत होते. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की मला त्यांचे डोळे दिसतायत.

"आबा, तुमचा चष्मा उन्हात काळा होतो ना?"

"होते ना. आता गच्चीवर होताच."

"मग इथे का नाही?"

आबांनी चष्मा काढला. काचा लख्ख पांढऱ्या होत्या. ते उठून गच्चीवर गेले. मी मागोमाग. मिनिटाभरात काचा काळ्याकुट्ट झाल्या. परत गॅलरीत आलो आणि बघता बघता पांढऱ्या. आबांनी गॅलरीच्या काचेवर टिचकी मारली.

"ऊन म्हणजे एक गोष्ट नसते, उल्का," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्यात उजेड असते, उष्णता असते आणि तिसरे असतात अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे). या तिसऱ्यानं माझा चष्मा काळा होते. याच किरणांचा एक भाग ठकूच्या कातडीवर पडला, की तिच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते."

"त्यानं काय होतं?"

"तू तिला टरफलांची पूड देतेस, ते कॅल्शियम. ते पोटात गेलं म्हणजे हाडात गेलं असं नाही. आतड्यातून रक्तात जायला त्याला ड जीवनसत्त्व लागते. ते नसलं तर पूड जशी आली तशी बाहेर. मग शरीर आपलं काम भागवायला हाडांतलंच कॅल्शियम काढून घेते."

"आणि काच?"

"काच म्हणजे चाळणी. माझी काच उजेड सोडते. उष्णता अडवते. आणि..." आबांनी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. "पडदे विटू नयेत म्हणून अतिनीलही अडवते. मीच तशी केली."

"तुम्हाला माहीत होतं?" मी किंचाळलेच.

"काच माहीत होती. ठकूचा विचारच केला नाही. आपण बाहेर हिंडतो वं, ती या काचेमागंच राहते." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "उजेडाचा आकडा पाहिला आणि त्याले ऊन म्हटलं. कसला शास्त्रज्ञ मी!"

आबांना स्वतःवर इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं त्यांना खूप बोलावं. पण मी पाना आणि पक्कड आणायला पळाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही गच्चीवर जाळीचा पिंजरा उभा केला. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत, म्हणजे कुठे बसायचं ते तिचं ती ठरवेल. रोज सकाळी दोन तास ठकू तिथे. गॅलरीत दगडाच्या वर अतिनील किरण देणारा खास दिवा बसवला. ठोंब्याला आबांनी अतिनील किरण मोजणारा नवा मापक जोडला आणि मी त्याला बजावलं, "नुसतं ऊन म्हणायचं नाही. तिन्ही वेगवेगळं सांगायचं."

आता आबा नव्या काचेच्या मागे लागलेत. उष्णता अडवेल, पण ठकूला हवे ते किरण सोडेल, अशी. पहिले चार तुकडे नापास झाले. चाचणी मी घेते, त्यामुळे सूट मिळत नाही.

महिन्यानं डॉक्टर तडवी आल्या. त्यांनी ठकूला उचलायला हात घातला आणि ठकू फुगली. फुस्स! शेपटी सपकन फिरली आणि ठोंब्याच्या हातातला अंड्यांचा वाडगा भिंतीवर जाऊन फुटला.

"रागावली!" मी नाचायला लागले. "आबा, ती रागावली!"

एक्स-रेमध्ये हाडं पूर्वीपेक्षा ठळक दिसत होती. पाय किंचित वाकडा राहील, पण ठकू आमच्याकडेच राहील. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: 'प्रकृती सुधारते आहे. स्वभाव तापट.'

भिंतीवरचं अंडं आईलाच पुसावं लागलं. पण तेव्हापासून तिनं मला ठकूकडून शिकायला सांगणं बंद केलंय. आता पाहुणे आले की ती म्हणते, "आमची उल्का ना, अगदी ठकूवर गेलीय."